निवाऱ्यातले पिल्लू घरी आणताना

"डॉक्टर, मुलांनी पिल्लासाठी हट्ट धरला आहे. विकत घेण्यापेक्षा शेल्टरमधून एखादे आणावे म्हणतो. पण त्यातून घरात रोगराई तर येणार नाही ना?" अशा आशयाचे प्रश्न अलीकडे दवाखान्यात वरचेवर विचारले जातात. कोणी कुत्र्याविषयी विचारतो, कोणी मांजराविषयी. माझे उत्तर ठरलेले आहे. अवश्य आणा, पण तयारीने आणा. ही तयारी म्हणजे नेमके काय, ते आजच्या लेखात पाहू. प्राण्याचे औषधपाणी हा पशुवैद्यांचा प्रांत आहे. मी लिहिणार आहे ते त्याच घरात राहणाऱ्या माणसांच्या आरोग्याविषयी.

पांजरपोळ ते शेल्टर

बेवारस प्राण्यांना आसरा देणे आपल्याकडे नवे नाही. सन १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध मोठी दंगल झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. आज मोठ्या शहरांतून कुत्र्या-मांजरांचे निवारे आहेत. तेथून प्राणी दत्तक दिले जातात. आपल्यासारख्या लहान गावांत मात्र असा निवारा बहुधा नसतो. नाल्याकाठी, बांधकामाच्या वाळूत किंवा एस.टी. स्टँडच्या मागे सापडलेले पिल्लू कोणीतरी खोक्यात घालून आणतो, इतकेच. त्या पिल्लाला पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट दुपटीने लागू आहे, कारण त्याच्या मागचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

खरी भीती कशाची?

लोक केसांना भितात, वासाला भितात, घाणीला भितात. ज्याला भ्यायला हवे ते मात्र विसरतात. ते म्हणजे रेबीज, अर्थात जलसंत्रास. हा विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेतून जखमेत शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो आणि एकदा का लक्षणे दिसू लागली की रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. क्वचित आठवडाभरात, तर क्वचित वर्षानंतरही रोग दिसतो. या मधल्या काळात लस घेतली तर रोग टाळता येतो. म्हणजे हा रोग जितका भयंकर, तितकाच टाळण्याजोगा आहे.

येथे एक मोठा गैरसमज आहे. पिसाळलेला कुत्रा म्हटले की जीभ बाहेर काढलेला, लाळ गाळत गावभर धावणारा मोठा कुत्रा आपल्या डोळ्यांपुढे येतो. दीड-दोन महिन्यांचे गोंडस पिल्लू आपण त्यात धरतच नाही. पण त्या पिल्लाला रस्त्यावर असताना एखाद्या रोगी कुत्र्याने चावलेले असू शकते. कुत्र्याच्या शरीरातही हा रोग कित्येक आठवडे, कधी काही महिने दबून राहतो. तोवर पिल्लू खाते, खेळते, शेपूट हलवते. शिवाय रेबीजची लस पिल्लाला साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पहिल्या लशीचा पुरता गुण यायला आणखी चार आठवडे लागतात. याचा अर्थ असा, की निदान चार महिन्यांचे होईपर्यंत पिल्लाला लशीचे कवच नाही असेच धरून चालावे. नेमक्या याच वयात त्याला दात येत असतात. ते हाताला लागेल ते चावत असते आणि घरातली लहान मुले दिवसभर त्याच्याशी खेळत असतात!

एका घरातील अनुभव

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ किरकोळ सर्दीसाठी आले होते. जाता जाता त्यांनी विचारले, "पिल्लू मेलं, त्याच्या जागी दुसरं आणू का?" कसे मेले, असे विचारल्यावर कळले ते असे. रस्त्यावरचे पिल्लू आणून दहा-बारा दिवस झाले होते. शेवटचे तीन दिवस त्याने खाणे सोडले, खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, आवाज बदलला. दाढेत हाड अडकले असावे असे समजून घरातल्या दोघांनी त्याच्या तोंडात बोटे घातली होती. धाकट्या मुलीला दूध पाजताना त्याचे दात लागले होते आणि थोडे रक्तही आले होते. "पिल्लूच ते, त्याच्या दातांनी काय होणार!" म्हणून आजीने हळद लावली होती.

त्या पिल्लाची तपासणी होऊ शकली नाही, कारण ते आधीच पुरले गेले होते. परंतु लक्षणे अशी होती, की वाट पाहणे हा जुगार ठरला असता. त्याच दिवशी घरातल्या पाच जणांना आणि खेळायला येणाऱ्या शेजारच्या दोन मुलांना लस सुरू केली. मुलीला जिल्हा रुग्णालयात पाठवून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिले. सर्वांनी लशीचे सर्व डोस पूर्ण केले आणि सर्व जण आज ठणठणीत आहेत. पण ते गृहस्थ सर्दीसाठी आले नसते तर? हा 'तर' मनात राहतो, म्हणून हा लेख.

चावा, ओरखडा, चाटणे : काय करावे?

१. धडधाकट कातडीला प्राण्याने चाटले, आपण त्याला हात लावला किंवा खाऊ घातले, तर लस लागत नाही. हातपाय साबणाने धुवावेत.

२. रक्त न येता दात लागले किंवा नखाचा हलका ओरखडा उठला, तर जखम धुवावी आणि लस घ्यावी.

३. दात किंवा नख आत जाऊन रक्त आले, आधीच्या जखमेवर प्राण्याने चाटले किंवा त्याची लाळ डोळ्यांत-तोंडात गेली, तर जखम धुणे, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, या तिन्ही गोष्टी हव्यात. लशीचा गुण यायला काही दिवस लागतात. तेवढ्या काळात जखमेतच विषाणूला अडवण्याचे काम इम्युनोग्लोब्युलिन करते. ते पहिल्या दिवशीच द्यावे. राहून गेले असेल तर लशीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत देता येते.

जखम धुणे हा उपचाराचा निम्मा भाग आहे. नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साधा अंगाचा किंवा कपड्याचा साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावे. मग आयोडीनचे औषध लावावे. हळद, तिखट, चुना, तेल, राख यांतले काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये आणि टाके घालण्याची घाई करू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे, परंतु धनुर्वाताचे इंजेक्शन म्हणजे रेबीजची लस नव्हे. "इंजेक्शन घेतलं की!" असे सांगणाऱ्या कित्येकांनी फक्त धनुर्वाताचे घेतलेले असते.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. ती जुनी लस २००५ पर्यंत आपल्या देशातून बंद झाली. आताची लस दंडात देतात. सरकारी रुग्णालयांत बहुधा कातडीत देण्याची पद्धत आहे. त्यात पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे चार वेळा जावे लागते. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरून हे दिवस मोजायचे. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाचा एक डोस अधिक असतो. दोन डोस घेऊन "आता बरे वाटते" म्हणून थांबणारे पुष्कळ आहेत. ही लस बरे वाटण्यासाठी नसते, हे लक्षात ठेवावे. गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई, तान्हे बाळ, मधुमेही या सर्वांना ती देता येते.

प्राणी दहा दिवस नजरेखाली ठेवावा, हे खरे आहे. परंतु "दहा दिवस पाहू आणि मग लस घेऊ" हे चुकीचे आहे. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि प्राण्यावर नजरही ठेवायची. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर पुढच्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

आणण्यापूर्वी निवाऱ्यात काय विचारावे?

निवाऱ्यातले प्राणी पुष्कळदा मोठे असतात. लोक पिल्लूच मागतात. पण लहान मुले किंवा वयस्क मंडळी असलेल्या घराला दीड-दोन वर्षांचे, लसीकरण आणि निर्बीजीकरण झालेले, स्वभाव ठाऊक असलेले गावठी कुत्रे किंवा मांजर अधिक सोयीचे, असे माझे मत आहे. त्याचा चावरेपणा सरलेला असतो आणि लशीचे कवच तयार असते. आणण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. रेबीजची लस कोणत्या तारखेला दिली? लशीचे कार्ड हातात घेऊन पाहावे. तोंडी उत्तरावर भागवू नये. कानाला छोटा छेद असेल तर निर्बीजीकरण झाले आहे असे समजते. मात्र लस या वर्षीची आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

२. तो निवाऱ्यात किती दिवस आहे आणि त्याच्याबरोबरचे प्राणी आजारी पडले का? पिल्लांत पार्व्हो नावाचा उलटी व रक्ती जुलाबाचा रोग झपाट्याने पसरतो. माणसाला तो होत नाही, पण पिल्लू दोन-चार दिवसांत दगावते.

३. जंताचे औषध शेवटचे केव्हा दिले?

४. त्वचेवर टक्कल पडलेले गोल चट्टे आहेत का? कानांत, काखेत गोचीड आहेत का?

५. आतापर्यंत त्याने कोणाला चावले आहे का? केव्हा?

कार्ड नसेल, तर आणल्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पिल्लू फार लहान असेल तर लस केव्हा द्यायची, ती तारीख तेथेच लिहून घ्यावी. लस एकदा देऊन चालत नाही. पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी ती द्यावी लागते. मांजरालाही रेबीज होतो, म्हणून मांजरालाही लस हवी.

पहिला महिना

नव्या घरात प्राणी भेदरलेला असतो आणि भेदरलेला प्राणीच चावतो. सरावायला त्याला पहिले तीन दिवस, मग तीन आठवडे आणि पुरते रुळायला तीन महिने लागतात, असा एक ठोकताळा आहे. त्याची जागा, पाणी आणि जेवणाची वेळ ठरवून द्यावी. तो जेवत किंवा झोपला असताना मुलांनी त्याला हात लावू नये. तोंडाजवळ तोंड नेणे, शेपूट ओढणे, मिठी मारणे बंद. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला आणि प्राण्याला एकटे सोडू नये.

मुलांना आणखी एक गोष्ट शिकवावी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. चावले किंवा ओरखडले तर लगेच घरी सांगायचे. सांगितले तर पिल्लू परत पाठवतील किंवा आपल्याला मार बसेल, या भीतीने मुले जखम लपवतात. "सांगितलेस तर कोणी रागावणार नाही, पिल्लूही कुठे जाणार नाही" हे पिल्लू घरी येण्याआधीच मुलांना सांगून ठेवावे. आंघोळीच्या वेळी मुलांचे हातपाय रोज पाहावेत.

जंत, नायटा, पिसवा

बहुतेक पिल्लांच्या पोटात जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणातल्या मातीत पडतात आणि दोन-चार आठवड्यांत रोग देण्याजोगी होतात. मातीत खेळून तसाच हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती जातात आणि अळ्या यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. म्हणून पिल्लाला जंताचे औषध वेळेवर द्यावे, विष्ठा त्याच दिवशी उचलावी आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. मटणाच्या दुकानातले कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नये. त्यातून कुत्र्याला एक फीतकृमी होतो आणि त्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

मांजराच्या पिल्लांपासून मुलांना नायटा होताना मी पुष्कळदा पाहतो. तो बरा होतो. मात्र दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावू नयेत. त्यांनी खाज थांबते आणि आतून नायटा पसरत राहतो. माणसाबरोबर प्राण्यावरही उपचार केले तरच तो घरातून जातो. पिसवा आणि गोचिडांसाठी पशुवैद्यांनी सांगितलेलेच औषध वापरावे. कुत्र्याच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. ते मांजराच्या जिवावर बेतते.

गरोदर स्त्री आणि मांजर

सूनबाईंना दिवस गेले की वर्षानुवर्षे पाळलेले मांजर पोत्यात घालून लांब सोडून यायचे, असे काही घरांत घडते. याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची भीती खरी आहे. त्याचा संसर्ग गरोदरपणात पहिल्यांदा झाला तर गर्भाला अपाय होऊ शकतो. पण तो अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही होतो. मांजर त्याची बीजे बहुधा स्वतःला पहिला संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडेच विष्ठेतून टाकते आणि ती बीजे रोग देण्याजोगी व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजराची विष्ठा रोजच्या रोज काढावी. ते काम गरोदर स्त्रीने न करता घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. मांजराला कच्चे मांस देऊ नये. भाज्या धुवाव्यात, मांस पुरते शिजवावे. एवढे केले तर मांजर घरात राहू द्यायला हरकत नाही. मात्र गरोदरपणातच नवे मांजर, विशेषतः रस्त्यावरचे पिल्लू, आणू नये.

दमा आणि इतर आजार

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, अशी समजूत आहे. केस पोटात जाऊन दमा होत नाही. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असणारी प्रथिने वाळून हवेत उडतात आणि ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांना शिंका, डोळ्यांना खाज आणि दम्याचा त्रास होतो. घरात दमेकरी असेल तर प्राणी आणण्यापूर्वी त्यांनी दोन-तीन वेळा निवाऱ्यात जाऊन तास-दोन तास बसावे. त्रास झाला तर बेत रद्द करावा. अमुक जातीची ॲलर्जी होतच नाही, या विक्रेत्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

कर्करोगाची औषधे किंवा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असलेले, अवयव बदललेले आणि प्लीहा काढलेले रोगी यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. ज्या वृद्धांचा तोल जातो त्यांच्या घरी ओढ घेणारा दांडगा कुत्रा नको. खुब्याचे हाड मोडलेले रोगी त्यामुळेही पाहिले आहेत. त्यांना शांत, वयस्क मांजर बरे.

आपली औषधे त्यांना नकोत

प्राण्याला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणारे लोक आहेत. मांजराचे शरीर हे औषध पचवू शकत नाही. एक गोळीही तिच्या मरणाला कारण होऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक आहे. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेटही देऊ नये.

दत्तक म्हणजे दत्तक

कुत्रा दहा ते चौदा वर्षे जगतो. मांजर पंधरा वर्षेही जगते. मुलांचा हट्ट सहा महिन्यांत ओसरतो, मुले शिक्षणासाठी बाहेरगावी जातात, आणि कुत्र्याला फिरवणे, त्याचे खाणे, दर वर्षीची लस हे सारे आई-वडिलांच्या गळ्यात पडते. हा हिशेब आधी करावा. निर्बीजीकरण वेळेवर करून घ्यावे, नाहीतर वर्षभरात आपल्याच दारातून पाच-सहा पिल्ले रस्त्यावर जातील. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहण्याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे.

या साऱ्यात गावाचाही फायदा आहे. एखाद्या भागातील निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली गेली तर त्या भागातील रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या दारातला लस दिलेला एक गावठी कुत्रा त्या सत्तरातला एक असतो.

तेव्हा वाचकहो, पिल्लू घरी आणा. त्याच्या लशीचे कार्ड मुलांच्या लशीच्या कार्डाशेजारी ठेवा. आणि त्याचा दात कोणाला लागलाच तर पंधरा मिनिटे साबणाने जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू केवढेसे आहे, हे पाहत बसू नका.